आमी हितंच हाय

१

भोरच्या आठवडे बाजारात टेम्पोच्या भोंग्यातून बाईचा जो आवाज येतो, "ताजी मेथी, गावरान लसूण, जवळ या, हातात घेऊन बघा," तो गायत्रीचा. पाणीपट्टीची सूचना, हरवलेल्या म्हशीचं वर्णन, शिकवणीची जाहिरात, सगळं ती घराच्या मागच्या खोलीत बसून रेकॉर्ड करून द्यायची. पुण्यात एका डबिंगच्या स्टुडिओत चार वर्षं काढून ती परत आली, ती एक चांगला माईक आणि एक खोड घेऊन. दहा माणसं एकदम बोलत असली तरी कोण कुठं उभं आहे, कुणाचं नाक चोंदलंय, कोण उगाच हसतंय, हे तिचे कान आपसूक निवडत बसायचे. तांदूळ निवडावेत तसं.

तिचा थोरला भाऊ बुद्धभूषण. सगळे त्याला भूषण म्हणायचे. एसटी स्टँडसमोर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. बोलायला इतका हळू, की गिऱ्हाईक दोनदा विचारायचं. हा माणूस 'खडीमशीन' नावाच्या बँडमध्ये गातो म्हटल्यावर लोक हसायचे, आणि प्रत्यक्ष ऐकल्यावर हसायचे थांबायचे. हार्डकोर पंक. गाणं एक मिनिटाचं, कधी दोन. सूर बेताचा, दम फार. गाताना भूषणच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ व्हायच्या आणि तोंडातून गिट्टी पडल्यासारखे शब्द पडायचे. बासही तोच वाजवायचा. ड्रमवर वरव्याचा मानसिंग, तो कारखान्यात तिसऱ्या पाळीला जायचा. गिटारवर किकवीची वैष्णवी, ती औषधाच्या दुकानात कामाला होती. बँड एवढाच, तीन माणसांचा.

वडील साहेबराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आणि तरुणपणी गायन पार्टीत गाजलेले. ते म्हणायचे, "आमच्या पार्टीत कुनी असं वराडलं असतं तर ढोलकीवाल्यानं उठून दिली असती एक." पण पोराची पहिली गाणी त्यांच्या मोबाईलमध्ये होती, आणि अंघोळीला जाताना ते ती लावायचे.

दसरा झाल्यावर भूषणच्या थुंकीतून रक्त आलं. पुण्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर दोन गाठी होत्या. ओरडणं बंद, म्हणाले. सहा महिने बोलणंही मोजकं. तरी बसल्या नाहीत तर कापाव्या लागतील, आणि मग हाच आवाज राहील असं सांगता येणार नाही.

परतीच्या गाडीत भूषण खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नवा अल्बम तेवढा करतो. मग गप बसतो."

गायत्रीनं वाद घातला नाही. रेकॉर्डिंग मीच करणार, एवढंच म्हणाली. समोर असले तर थांबवता तरी येईल, असा तिचा हिशोब होता.

२

अल्बमचं नाव 'हितंच'. नऊ गाणी, सगळी मिळून सतरा मिनिटं. हायवेवर न थांबणाऱ्या गाडीचं एक, सुरुंगानं तडकलेल्या भिंतीचं एक, मोजणीला येऊन शेताचा आकडाच बदलून गेलेल्या साहेबाचं एक. आणि नऊच्या नऊ गाण्यांच्या शेवटी एकच आरोळी, सगळ्यांनी मिळून द्यायची: "आमी हितंच हाय."

जागा मानसिंगनं शोधली. वेल्ह्याच्या पुढे त्याचे मामा रखमाजी यांची पोल्ट्रीची शेड वर्षभर रिकामी होती. लांबट, पत्र्याची, दोन्ही बाजूंनी जाळी. खाली भाताचं तूस अंथरलेलं, त्याला चुन्याचा मंद वास. कापणी नुकतीच झाली होती. मानसिंग आणि रखमाजीमामांनी भिंतींना छपरापर्यंत पेंढा रचला, मामींच्या जुन्या गोधड्या वरून टांगल्या. आत गेलं की कानांवर कुणीतरी अलगद हात ठेवावेत तसं वाटायचं. बोललेला शब्द ओठांपासून हातभर जाऊन पेंढ्यात जिरायचा.

मानसिंगची पाळी सुटली की सकाळी ते तिथं पोचायचे. त्या वेळी खोऱ्यात धुकं असायचं. डोंगर नसायचे, धरणाचं पाणी नसायचं. कापलेल्या भाताच्या खुंटांच्या चार ओळी दिसायच्या आणि त्यापुढं पांढरं. मग दहा-साडेदहाला ते पांढरं वर उचललं जायचं आणि एकेक वस्तू पहिल्यांदाच ठेवल्यासारखी जागेवर यायची. विहीर, जांभळाचं झाड, मामांचं घर, पेंढ्याची गंज.

आधी तिघं गाणं वाजवायचे. मग भूषण शब्द गायचा. शेवटी आरोळी. आरोळीला गर्दी हवी, आणि माणसं तीनच, म्हणून गायत्रीही उभी राहायची. मधे एक माईक, भोवती चौघं, खांद्याला खांदा लावून. तिच्या एका कानाला हेडफोन, एक कान उघडा. मानसिंग बोटांनी तीनपर्यंत मोजायचा आणि चौघं ओरडायचे. मग सगळे हसायचे, कारण ओरडून झाल्यावर माणसाला उगाचच हसू येतं.

पहिल्या दिवशी पहिलं गाणं झालं. भूषण कोमट पाणी प्यायला, त्यानं बोटानं 'बरं आहे' अशी खूण केली. घरी येताना धुकं पार विरलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी गायत्री मागच्या खोलीत ऐकायला बसली. अंगणात आई, अक्काबाई, गहू पाखडत होती. सुपाचा आवाज, उन्हाचा पट्टा, भिंतीवर पालीची शेपटी. रोजच्यासारखीच दुपार.

आरोळी आली. मानसिंग जाड, छातीतला. वैष्णवी टोकदार. तिचा स्वतःचा आवाज, जो तिला कधीच आवडला नव्हता. आणि भूषण, खरखरीत, कडेला जरा फाटलेला. आमी हितंच हाय. मग शांतता.

आणि त्या शांततेत, फार लांबून, "मी हितंच हाय."

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पडद्यावरच्या सपाट रेषेवर मुंगीएवढा उंचवटा होता. आवाज पुरुषाचा, तरुण. ओरडण्यात जोर नव्हता, घाई नव्हती.

डोंगराचा प्रतिध्वनी, तिच्या मनात आलं. प्रतिध्वनीत पहिलं अक्षर गळतं. 'आमी'चं 'मी' होणारच. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. पण मग चौघांचा एकच कसा झाला? आणि इतका पेंढा रचलेल्या खोलीतून आवाज बाहेर गेला तरी किती, आणि परत आला तरी कसा?

तिनं वैष्णवीला फोन लावून ऐकवलं.

"मला तर कायच ऐकू येईना," वैष्णवी म्हणाली. मागे दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. "थांब, परत लाव. हां. आहे की. कोणतरी रानातून ओरडला असेल. गुराखी असतील ना तिकडं."

"आपलेच शब्द?"

"आपण एवढ्या मोठ्यानं शिकवल्यावर म्हणेल की तो."

हेही खरं होतं. गायत्रीनं तो तुकडा कापला आणि गाणं जतन केलं. अंगणात आईचं सूप चालूच होतं.

४

दुसऱ्या गाण्यात तो होता. तिसऱ्यातही.

आवाज एका सेकंदात तीनशे चाळीस मीटर चालतो. स्टुडिओत शिकलेली ही एक गोष्ट ती कधी विसरली नव्हती. पहिल्या गाण्यात तो सेकंदाहून थोडा जास्त मागे होता. म्हणजे आपल्याबरोबरच ओरडला असेल तर चारशे मीटरवर, विहिरीपाशी. दुसऱ्यात पाऊण सेकंद. तिसऱ्यात अर्धाही नाही. म्हणजे जांभळाच्या झाडाच्या अलीकडे. तिनं हे वहीत लिहिलं, मग पान फाडलं. कागदावर ते फार शहाणपणाचं दिसत होतं.

पुढच्या खेपेला ती सगळ्यांच्या आधी शेडबाहेर गेली आणि धुक्यात तोंड करून मोठ्यानं टाळी वाजवली. काही परत आलं नाही. आणखी एक वाजवली.

"हितं आवाज माघारी येत न्हाई," मागून रखमाजीमामा म्हणाले. ते तंबाखू मळत उभे होते. "डोंगर लई लांब हायेत. तिकडं किल्ल्याच्या अंगाला गेलीस तर येतो."

"मामा, आम्ही ओरडतो तेव्हा रानात कोण असतं?"

"सकाळच्या पारी? कोन असनार. भात निघालं, आता रानात काय काम हाय?" त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "का गं?"

"काही नाही. सहज."

दुपारी मामींनी, म्हणजे मंगलमामींनी, सगळ्यांना जेवायला घरी बोलावलं. तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याचं कालवण. पडवीत ओळीनं बसवून त्या वाढत होत्या. भूषणला बोलायला बंदी आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्याला नुसत्या खुणेनं विचारत होत्या. वाढता वाढता त्या दारातून शेडकडे बघत राहिल्या.

"आन त्यो का येत न्हाई जेवायला? रोज आतच ऱ्हातुया."

"कोण, मामी?" मानसिंगनं विचारलं.

"त्यो तुमच्यातला पाचवा. लई ग्वाड आवाज हाय त्याचा. म्या चुलीफुडं असले तरी वळखते."

मानसिंग हसला. "चौघंच आहोत मामी. मोजा."

मामींनी मोजलं. खरोखरच पळीनं एकेकाकडे दाखवत मोजलं. मग "असंल बाबा, माझं कान म्हातारं झालं," म्हणत आत गेल्या. गायत्रीनं भूषणकडे पाहिलं. तो मान खाली घालून भाकरी कालवणात बुडवत होता, आणि त्याला मुळीच नवल वाटलेलं नव्हतं.

५

आठ गाणी झाली तोवर महिना सरत आला होता. आठव्या गाण्यात तो माईकपासून दहा-बारा पावलांवर होता. पेंढ्याच्या भिंतींच्या आत. आता 'मी' म्हणताना त्याचे ओठ मिटून उघडल्याचा बारीक आवाजसुद्धा येत होता. गायत्री रोज तेवढा भाग कापायची. कापताना रोज कारण बदलायची: माईकची तार जुनी आहे, मोबाईलची रेंज घुसते, मागच्या रेकॉर्डिंगचा अंश उरतो. प्रत्येक कारण दुपारी पटायचं. संध्याकाळी भांडी घासताना त्यातलं एकही उरायचं नाही.

आणखी एक होतं. भूषणचा आवाज बिघडत नव्हता. तीन आठवडे ओरडून त्याचा घसा फाटायला हवा होता. उलट सातव्या-आठव्या गाण्यात तो मोकळा, गुळगुळीत लागला होता. मानसिंग खूश होता. वैष्णवी म्हणाली, "विश्रांतीचा गुण."

नवव्या गाण्याच्या सकाळी दोघं भाऊबहीण मोटरसायकलवरून निघाले. नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागल्यावर धुकं आलं. भूषणनं गाडी हळू केली. गायत्री त्याच्या पाठीमागून म्हणाली, "दादा, आठ गाणी पुष्कळ झाली. शेवटचं नको करायला."

 पुढे एका मोरीपाशी त्यानं गाडी उभी केली, उतरला, किल्ली तिच्या हातात दिली, हेल्मेट काढलं.

"तू कापतेस ना रोज?"

"काय?"

"त्याला."

ओढ्याचं पाणी मोरीखालून जात होतं. गायत्रीला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्याची भीती वाटली.

"तुला ऐकू येतं? पहिल्यापासून?"

"पहिल्या दिवशी न्हाई. दुसऱ्या गाण्याला आलं." तो कुजबुजत बोलत होता, डॉक्टरांनी शिकवल्यासारखं. "गायत्री, तो लागला की माझा घसा दुखत न्हाई. मी तोंड उघडतो, निम्मं वजन तो उचलतो. आता तर मला जोरच लावावा लागत न्हाई."

"कोण आहे पण तो?"

"कसं सांगू? विचारलं न्हाई."

"दादा, मला भीती वाटते."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी ती विहिरीत डोकवायची तेव्हा तो असाच बघायचा आणि तिचा फ्रॉक मागून घट्ट धरायचा. "मला काय वाटत नसंल का? पन सहा महिन्यांनी माझा आवाज ऱ्हाईल का न्हाई, ते डॉक्टरला बी ठाव न्हाई. मला दुसरं काय येतं सांग. दुकानात मान खाली घालून इस्क्रू फिरवायचे, आन वर्षातून चार येळा तोंड उघडायचं. तेवढंच माझं हाय." मग तो थोडं हसला. "एकच गाणं. मग तू म्हनशील तेवढे दिवस गप."

तिनं हो म्हटलं. पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं, की ती नाही म्हणू शकली असती. मोटरसायकलची किल्ली तिच्या हातात होती.

६

नववं गाणं म्हणजे अल्बमचं शेवटचं. त्यातली आरोळी वेगळी होती. 'हाय' हा शब्द सोडायचा नाही, श्वास पुरेल तोवर धरायचा. ज्याचा दम आधी संपेल त्यानं गप्प व्हायचं. शेवटी जो उरेल त्याचा आवाज एकटा राहील आणि अल्बम संपेल. उरणारा भूषणच असणार, हे ठरलेलंच होतं.

धुकं उशिरापर्यंत हललं नव्हतं. जाळीतून, पेंढ्याच्या फटींतून ते आत आलं होतं, गोधड्यांवर दवाचे थेंब जमले होते. चौघं माईकभोवती उभे राहिले. गायत्रीनं एका कानाला हेडफोन लावला. मानसिंगनं बोटं वर केली. एक. दोन. तीन.

आमी हितंच हाय.

पाचवा सुरुवातीपासूनच होता. मागे नव्हता, लांब नव्हता. बरोबर चौघांच्या वेळेवर, माईकच्या तोंडाशी.

आधी वैष्णवी संपली. तिनं ओंजळीत तोंड धरलं आणि ती श्वास घेऊ लागली. मग गायत्री. मग मानसिंग, डोळे घट्ट मिटून. भूषणचा आवाज तेवढा राहिला. खरखरीत, कडेला फाटलेला, तिच्या ओळखीचा. तो बारीक होत गेला, थरथरला, आणि थांबला.

हेडफोनमध्ये 'हाय' चालूच होतं.

गायत्रीनं भूषणकडे पाहिलं. त्याचे ओठ मिटलेले होते. घट्ट, माणूस पाणी गिळताना मिटतो तसे. गळ्याची घाटी मात्र वरखाली होत होती, आणि कानातला आवाज त्या घाटीबरोबर वरखाली होत होता. गोड, मोकळा, श्वासाची गरज नसलेला. तिनं हेडफोन काढला. शेडमध्ये चिडीचूप होती, पत्र्यावरून थेंब पडल्याचा आवाज तेवढा. तिनं हेडफोन पुन्हा लावला. चालू होता.

भूषणचे डोळे तिच्याकडे होते. त्यांत भीती होती, हे ती शपथेवर सांगेल. मग पाण्यावरून ढगाची सावली सरकावी तशी ती भीती सरकून गेली, आणि मागे उरलेली नजर शांत, कुतूहलाची होती. तिच्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखी.

तिनं रेकॉर्डिंग बंद केलं.

"झालं?" मानसिंगनं डोळे उघडत विचारलं.

"झालं," भूषण म्हणाला. मोठ्यानं, स्पष्ट.

७

डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा गाठी नव्हत्या. खुणासुद्धा नव्हत्या. ते दोनदा म्हणाले, की असं सहसा होत नाही, पण होतं. अक्काबाईंनी गल्लीत पेढे वाटले. दुकानात आता भूषण गिऱ्हाइकाशी नीट, ऐकू येईल असं बोलायचा. लोक म्हणायचे, पोरगा सुधारला.

वडिलांनी एकदा त्याला जुन्या पार्टीतलं गाणं म्हणायला लावलं आणि स्वतः पेटी घेतली. भूषण सुंदर गायला. एकही जागा चुकली नाही. दुसऱ्या कडव्याला साहेबरावांचा हात पेटीवर थांबला. "भाता फाटलाय वाटतं," असं म्हणून त्यांनी पेटी मिटवली. भाता फाटलेला नव्हता. गायत्रीनं नंतर उघडून पाहिला.

अल्बम तयार करताना तिनं नऊही आरोळ्या परत ऐकल्या. आता कापायला काही नव्हतं. चार आवाज. मानसिंग, वैष्णवी, ती. आणि चौथा, मोकळा, गुळगुळीत. जुन्या जतन केलेल्या गाण्यांतसुद्धा तसंच. ती एक अख्खी दुपार तो चौथा आवाज एकटा काढून ऐकत बसली, आणि मग उठून खिडकी लावली. अंगणात भूषण आईशी बोलत होता, आणि कुठला आवाज खिडकीतून येतोय आणि कुठला लॅपटॉपमधून, हे तिला सांगता येईना.

अल्बम बाहेर आला त्या रविवारी सकाळी घरात सगळे बसले. मानसिंग आणि वैष्णवीही आले होते. चहा झाला. गायत्रीनं स्पीकर लावला. सतरा मिनिटं कुणी बोललं नाही. अक्काबाई पदरानं हात पुसत दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. त्यांना या गाण्यांतलं काही कळत नसे, पण माणसं कळायची.

संपलं. मानसिंगनं टाळ्या वाजवल्या.

"चांगलं झालं," अक्काबाई म्हणाल्या. "मानसिंग वळखू आला. वैष्णवी आली. आमची गायत्री बी आली." त्यांनी स्पीकरकडे पाहिलं. "पन ह्यात भूषण कुठं हाय?"

"आई, सगळं तोच तर गातोय," वैष्णवी म्हणाली.

"असं व्हय," अक्काबाई म्हणाल्या, आणि दाराशी बसलेल्या पोराच्या केसांवरून हात फिरवायला त्यांनी हात उचलला. तो हात मधेच राहिला. मग त्यांनी त्याच हातानं चहाची कपबशी उचलली आणि त्या आत गेल्या.

भूषण हसत होता. कुठं हसायचं ते त्याला बरोबर माहीत होतं.

८

संक्रांत होऊन गेल्यावर गायत्री एकटी वेल्ह्याला गेली. घरी सांगितलं, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग आहे. नसरापूरला गाडी बदलली, वेल्ह्याहून जीप धरली, शेवटचे दोन किलोमीटर चालली.

शेड उघडी होती. पेंढा गुरांना गेला होता, गोधड्या मामींनी धुऊन कुंपणावर टाकल्या होत्या. जमिनीवर तूस तेवढं होतं. चौघं उभे राहायचे तिथं पावलांनी दबून गोल झाला होता. तिनं माईक मधे ठेवला, दोन्ही कानांना हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला आणि बसून राहिली. वारा. पत्रा. लांब कुठंतरी धरणावरचा पक्षी. तासभर दुसरं काही नव्हतं. मी वेडी झाले असेन तर बरं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

मग ती उठली, माईकसमोर उभी राहिली आणि ओरडली. एकटीनं ओरडणं फार अवघड असतं. पहिल्यांदा आवाज निघालाच नाही. दुसऱ्यांदा निघाला.

"आमी हितंच हाय."

शांतता. दीड सेकंद, आणि थोडं वर.

फार लांबून, विहिरीच्याही पलीकडून, कुणीतरी ओरडायचा प्रयत्न केला. शब्द कळला नाही. पण तो खरखरीत होता, आणि कडेला फाटलेला होता.

गायत्री खाली बसली. तिला रडू आलं नाही. ती हेडफोनवर दोन्ही हात दाबून बसली, थंडीत कुणाचे तरी गार हात धरून ठेवावेत तशी. बऱ्याच वेळानं ती पुन्हा उठली आणि पुन्हा ओरडली. आणि वाट पाहिली. या वेळी तिला एक अक्षर कळलं. 'गा'. तो तिला हाक मारत होता.

तेवढ्यात मोबाईल वाजला. भूषणचा फोन होता.

"गायत्री, कुठं आहेस?" तो गोड, स्वच्छ आवाज.

"शाळेत. सांगितलं होतं ना."

"बरं." पलीकडे स्टँडवर एसटी हॉर्न देत होती. कुणीतरी चार्जरची चौकशी करत होतं. "लवकर ये घरी. आई वाट बघतीय."  मग अगदी समजुतीच्या स्वरात, मोठा भाऊ बोलतो तसंच, म्हणाला, "आणि तिथं ओरडू नकोस. थंडी आहे. घसा बसेल तुझा."

फोन बंद झाला.

तिनं मोबाईल तुसावर पालथा ठेवला. बाहेर ऊन चढलं होतं, खुंटांच्या ओळी, जांभूळ, विहीर, सगळं जागच्या जागी स्पष्ट दिसत होतं आणि रानात कुणी नव्हतं.  दादाचा हा आवाज इथवर आणला तर तो कुणाच्या गळ्यात उतरेल, आणि तिथं आधी बसलेला कुठं जाईल? निघावं असं तिची बुद्धी सांगत होती. बुद्धीचं बरोबर होतं.

तिनं दोन्ही पाय तुसात रोवले, पोट आत ओढलं आणि होता नव्हता तेवढा दम लावून ओरडली.

उत्तर आलं. या वेळी ते विहिरीच्या अलीकडून आलं.